तांबडे फुटते, लाल फुटत नाही

वाचकांचे प्रश्न : शब्द आणि वापर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच रंगाभोवती फिरणारी निघाली. नौपाडा, ऐरोली, कळवा, वाशी आणि खारघर येथून ती आली आहेत. एकाचे उत्तर देताना दुसऱ्याचा धागा हाती येत होता, म्हणून पाचही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी नात तिसरीत आहे. वहीतले जास्वंदीचे फूल रंगवताना मी तिला "तांबडा खडू घे" असे म्हटले, तेव्हा तिने तपकिरी खडू उचलला. मी तिला योग्य खडू दाखवला, त्यावर सूनबाई म्हणाल्या की "तांबडा" हा गावाकडचा शब्द आहे, शुद्ध मराठीत "लाल"च म्हणतात. माझे माहेर साताऱ्याचे. आमच्याकडे लहानपणापासून कुंकू तांबडे, जास्वंद तांबडी आणि गायही तांबडीच होती. इतकी वर्षे मी चुकीचे बोलत होते काय? या दोन शब्दांत खरोखर काही फरक आहे काय?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण चुकीचे बोलत नव्हतात. "शुद्ध" याचा अर्थ "मराठीच्या वंशातला" असा घेतला, तर सूनबाईंचे म्हणणे नेमके उलटे करावे लागेल, कारण या दोघांपैकी घरचा शब्द "तांबडा" हा आहे आणि "लाल" बाहेरून आलेला आहे. संस्कृत "ताम्र", त्यापासून प्राकृत "तंब", त्यापासून आपले "तांबे", आणि त्याला "डा" हा प्रत्यय लागून "तांबडा" असा हा सरळ प्रवास आहे. "लाल" हा फारसीतून आला. तेथे मूळ "लअल" हे एका रत्नाचे नाव आहे, बदख्शानच्या डोंगरात मिळणाऱ्या माणकासारख्या तेजस्वी खड्याचे. एक शब्द स्वयंपाकघरातल्या भांड्यावरून आला आणि दुसरा जवाहिऱ्याच्या पेटीतून आला, हे लक्षात ठेवले तर दोघांच्या पुढच्या वाटा वेगळ्या का झाल्या ते पुष्कळ अंशी उलगडते.

"लाल" बाहेरचा असल्याची खूण व्याकरणात आजही शिल्लक आहे. आपली जुनी रंगनामे पाहा : पांढरा, काळा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. ही सगळी आकारान्त आहेत आणि नामाप्रमाणे बदलतात. काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू, काळ्या वासराला. "तांबडा" याच पंगतीत बसतो : तांबडा बैल, तांबडी गाय, तांबडे फूल, तांबड्या फुलाला. "लाल" मात्र कोणासाठीही बदलत नाही. लाल बैल, लाल गाय, लाल फूल, लाल फुलाला. तो मराठीत कित्येक शतके नांदतो आहे, त्याच्याशिवाय आज आपले पान हलत नाही, आणि त्याला परका ठरवून बाहेर काढावे असे मी मुळीच म्हणणार नाही. घरच्या शब्दाला मात्र "गावाकडचा" म्हणून बाजूला सारणे मला मनापासून खटकते.

शिवाय "तांबडा" केवळ गावाकडचा नाही. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही इंद्रधनुष्याचे रंग विचारा, तो क्षणात "तानापिहिनिपाजा" म्हणेल. त्यातला पहिला "ता" तांबड्याचा आहे. (शेवटून दुसरा "पा" म्हणजे पारवा, पारव्याच्या मानेवरची निळसर झाक. हा सुंदर शब्दही आज या सूत्रापुरताच उरला आहे.) भूगोलाच्या पुस्तकात आफ्रिका आणि अरबस्तान यांच्यामध्ये "तांबडा समुद्र" आहे. पुण्याच्या ग्रामदेवतेचे नाव तांबडी जोगेश्वरी आहे. शेजारच्या कोकणीत तर आजही रोजच्या बोलण्यातला शब्द "तांबडो" हाच असून गोव्यात आपल्या लाल माठाला "तांबडी भाजी" म्हणतात. ठाण्यात कोल्हापुरी जेवण देणाऱ्या खानावळींच्या पाट्यांवर "तांबडा-पांढरा रस्सा" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि तेथे "लाल रस्सा" असा बदल करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

आता आपल्या नातीच्या खडूकडे येतो. तिने तपकिरी खडू का उचलला, याचे उत्तर मला या पत्रातले सर्वांत मोलाचे वाटते, कारण तिची निवड अगदीच निराधार नाही. "तपकिरी" म्हणजे तपकिरीच्या रंगाचा, आणि तपकीर ही तंबाखूची. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांच्या मागोमाग आली. म्हणजेच त्याआधीच्या मराठी माणसाजवळ "तपकिरी" हा शब्द असणे शक्य नव्हते. तपकिरी वस्तू मात्र चारी बाजूंना होत्या. गाईगुरे होती, माती होती, भाजलेल्या विटा आणि कौले होती. त्यांच्यासाठी जे थोडे शब्द हाताशी होते, त्यांत "तांबडा" सर्वांत ऐसपैस होता. आपल्या माहेरची तांबडी गाय आठवून पाहा. ती जास्वंदीच्या रंगाची खासच नसेल. आज तिचे छायाचित्र नातीला दाखवले तर ती "ब्राऊन" म्हणेल. तरीही आपल्या घरात कुंकू तांबडे होते आणि गायही तांबडी होती, आणि त्यात कोणाचा कधी घोटाळा झाला नाही. एकाच शब्दाच्या छपराखाली कुंकवापासून गाईपर्यंतचा सगळा पट्टा मावत होता.

पुढे "लाल" रुळला आणि त्याने या पट्ट्याचे चकचकीत टोक हळूहळू आपल्याकडे घेतले. मोल्सवर्थ यांच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्यात "तांबडा" या शब्दापुढे मातकट, विटकरी अशी कोणतीही मर्यादा घातलेली नाही, सरळ त्या रंगाचे नाव दिलेले आहे. आज मात्र शहरातल्या तरुण माणसाला "तांबडा" म्हणताच माती, वीट, गंज आठवतो, आणि लिपस्टिक, गाडी किंवा फुगा यांसाठी त्याच्या तोंडी "लाल" येतो. आपल्या कानांनी जुना, रुंद "तांबडा" ऐकलेला आहे आणि नातीच्या कानांवर नवा, आक्रसलेला "तांबडा" पडला आहे. दोघींचे आपापल्या परीने बरोबर आहे.

ज्या वस्तूवरून हा शब्द निघाला ती एकदा नातीला जरूर दाखवा. घरात जुना तांब्या किंवा घंगाळ असेल तर ते चिंच आणि मीठ लावून तिच्यासमोर घासा. काळपट राप निघून जातो आणि खालून जो रंग वर येतो तो लालही नसतो आणि तपकिरीही नसतो, ओल्या भांड्यावर तो क्षणभर गुलाबीकडे झुकतो, उन्हात धरला की केशरी होतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा मंद होऊ लागतो. चिंचेतले आम्ल भांड्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते, म्हणून असे होते. नुकत्या घासलेल्या तांब्यातली ही चार रूपे म्हणजे "तांबडा" या शब्दाचा सगळा विस्तार होय.

दोन शब्दांच्या वाटण्या कशा झाल्या, हे पाहण्यासाठी काही ठिकाणे तपासू. सूर्योदयापूर्वी पूर्वेला "तांबडे फुटते". येथे "लाल फुटते" असे कोणी म्हणत नाही आणि कधी म्हणेल असे वाटत नाही. पहाट, झुंजूमुंजू, तांबडे फुटणे, उजाडणे अशा पायऱ्यांनी मराठी माणूस सकाळ मोजत आला आहे, आणि त्यातल्या एका पायरीचे नाव रंगाचे आहे, तेही विशेषण न राहता स्वतःच नाम झालेले. झोप न झाल्याने, रागाने किंवा दारूने डोळे "तांबारतात". हे क्रियापद इतके नेमके आहे की त्याच्या जागी "डोळे लाल होतात" लिहिले तर डोळे आल्याची साथ आठवते. स्वयंपाकात कांदा "तांबूस होईपर्यंत" परततात, रवा आणि बेसन तांबूस रंगावर भाजतात. येथे कांदा लाल व्हावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. तो ज्या क्षणी कच्चा राहत नाही आणि करपलेलाही नसतो, त्या क्षणाचे नाव "तांबूस" आहे. उलट मिरचीच्या पुडीला घरोघर "लाल तिखट" म्हणतात. भोपळा कोठे तांबडा असतो तर कोठे लाल. मुंग्यांचेही तसेच आहे.

मातीबाबत मात्र मी ठाम आहे. कोकणची, माथेरानची, जांभ्या दगडाच्या मुलखातली माती तांबडी. ठाण्याहून एका दिवसासाठी माथेरानला जाऊन आलेल्या मुलाचे पांढरे बूट पाहिले की हा रंग कोणता, ते वेगळे सांगावे लागत नाही. ते बूट दोनदा धुतले तरी शिवणीतून तांबडे पाणी निघत राहते. मुसळधार पावसाने दगडातली सिलिका आणि विरघळणारे क्षार वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात, आणि त्यातल्या लोहामुळे मातीला हा रंग येतो. नाव तांब्याचे आणि रंग लोखंडाचा, असा हा योग आहे. त्याचे पुढचे टोक दुसऱ्या पत्राच्या उत्तरात सापडेल.

प्रश्न : शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहायला गेलो होतो. माहितीफलकावर मराठी नाव "रोहित" असे होते. एका मुलाचे नाव रोहितच असल्याने वर्गात खूप चर्चा झाली. मी "रोहित म्हणजे लाल" असे सांगितले, तेव्हा मुलांनी विचारले की पक्षी तर गुलाबी आहेत, मग लाल का म्हणायचे? मला नीट उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : आपण दिलेला अर्थ बरोबर आहे. "रोहित" हा फार जुना शब्द असून ऋग्वेदात तो तांबड्या घोड्यांच्या संदर्भात येतो. "र" आणि "ल" यांची अदलाबदल होऊन त्याचेच दुसरे रूप "लोहित" असे झाले. "लोह" या शब्दाचा जुना अर्थही तांबूस धातू, म्हणजे तांबे, असा होता. लोखंडासाठी तो पुढे रूढ झाला. म्हणजे वर ज्याला मी तांबे आणि लोखंड यांचा योग म्हटले, तो भाषेत आधीच घडून गेलेला आहे. शास्त्राच्या पुस्तकात "लोहित रक्तकणिका" असतात. त्यांना रंग येतो तो हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे. शब्द घडवणाऱ्यांना हिमोग्लोबिन ठाऊक असणे शक्य नव्हते, तरीही रंग, धातू आणि रक्त ही तिन्ही एका शब्दाच्या अंगणात आली, याचे मला फार आश्चर्य वाटते.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर पक्षी उडताना मिळते. खाडीच्या चिखलात मान खाली घालून चरणारा रोहित फिकट गुलाबी, काही वेळा जवळजवळ पांढराच दिसतो. थव्याने पंख उघडले की पंखांचा पुढचा भाग एकदम गडद लाल दिसतो आणि त्यामागे काळी पिसे येतात. "अग्निपंख" हे त्याचे दुसरे मराठी नाव या क्षणावरूनच पडले आहे. पिलाचा रंग करडा असतो. पाण्यातले शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव यांतून मिळणारी कॅरोटीनॉइड नावाची रंगद्रव्ये अंगात साठत गेली की रंग चढतो. म्हणजे रोहित हा जन्माने रोहित नसतो, तो खाण्याने रोहित होतो. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीची मुले हे सगळे घरापासून हाकेच्या अंतरावर पाहू शकतात. त्यांनी पुढच्या वेळी पक्षी उडण्याची वाट पाहावी, फलकावरचे नाव त्यांना आपोआप पटेल.

त्यांना आणखी दोन "रोहित" दाखवता येतील. मासळी बाजारातल्या रोहू माशाच्या नावात हाच शब्द आहे. हिवाळ्यात संध्याकाळी आकाशात रोहिणी नक्षत्राचा जो ठळक तारा दिसतो, त्याचा रंग नारिंगी-तांबूस आहे आणि "रोहिणी" म्हणजे तांबूस रंगाची. शहराच्या उजेडातही हा तारा दिसतो.

वर्ग थोडा मोठा असेल तर "रक्त" हा शब्दही उलगडून सांगा. "रञ्ज्" या धातूचा अर्थ रंगणे, रंगवणे. त्यापासून "रंग" आला, आणि त्यापासूनच "रक्त" आला. "रक्त" म्हणजे मुळात रंगवलेले, मग लाल रंगवलेले, मग नुसते लाल, आणि शेवटी अंगातून वाहणारे लाल द्रव्य. रंगांच्या सगळ्या कुळातून लाल हाच जणू खरा रंग, अशी ही समजूत आहे. मनाला रंग चढला की माणूस अनुरक्त होतो, रंग उतरला की विरक्त होतो. "राग" हाही याच धातूचा. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, लाली, प्रेम असा होता आणि गाण्यातला राग मनाला रंगवणारा म्हणून राग. मराठीने मात्र त्या लालीतला संतापच उचलला. "तो रागाने लाल झाला" या चार शब्दांच्या वाक्यात लाल रंग दोनदा आला आहे, एकदा उघड आणि एकदा लपून.

प्रश्न : तांबट, तांबोळी, तांबूल, तांबोशी, तांबेरा हे सगळे शब्द तांब्यावरून आले आहेत काय? आमच्याकडे यावरून पैज लागली आहे.
— एक वाचक, कळवा

उत्तर : पाचपैकी तीन तांब्याचे आहेत, दोन नाहीत. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा कारागीर. त्याच नावाचा हिरवा छोटा पक्षीही ठाण्यात वडा-पिंपळावर आढळतो. त्याच्या कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका असतो, म्हणून नाव रंगावरून पडले असावे असे वाटते, पण तसे नाही. तो दुपारभर एका लयीत "टुक टुक टुक" करतो आणि तो आवाज तांबटआळीतल्या हातोडीसारखा येतो, म्हणून तो तांबट. तांबोशी हा तांबूस अंगाचा मासा, कोळणीच्या पाटीत तो इतरांतून लगेच वेगळा ओळखू येतो. तांबेरा हा गव्हावरचा बुरशीचा रोग. पानांवर गंजासारखी भुकटी धरते आणि शेतातून चालले तर कपड्यांना तिचा रंग लागतो.

तांबूल आणि तांबोळी यांचे घराणे वेगळे आहे. "ताम्बूल" हा शब्द संस्कृतातच आहे, "ताम्रा"शी त्याचे नाते नाही, आणि तो ऑस्ट्रो-आशियाई भाषांतून आला असे भाषातज्ज्ञ सामान्यतः मानतात. विडा खाल्ल्यावर ओठ लाल होतात, त्यामुळे हा समज सहज होतो. तांबोळी म्हणजे तांबूल विकणारा.

पैज कोणी जिंकली ते आपण ठरवा. मी एक वेगळी भर घालतो. लाल रंगासाठी मराठीत एक तिसरा शब्द होता, "राता". तो "रक्त"पासून "रत्त" आणि त्यापासून "राता" असा आला. स्वतंत्रपणे तो आता जवळजवळ ऐकू येत नाही, पण दोन खाद्यवस्तूंच्या नावांत तो सुखरूप आहे. रताळे म्हणजे "रक्तालु", लाल सालीचा कंद. आणि ज्याच्या सालीची आमसुले होतात तो कोकणातला रातांबा, "रक्त" आणि "आम्र" मिळून झालेला. मे महिन्यात पिकलेला रातांबा फोडला की बोटांना लागलेला रंग दोन दिवस जात नाही. रातांब्याच्या पोटात "तांबा" दडला आहे असे दिसते, पण तो केवळ भास आहे. फोड "रात" आणि "आंबा" अशी आहे. "रातांधळा" यातला "रात" मात्र रात्रीचा आहे, त्याची येथे गल्लत करू नये.

प्रश्न : मी अनुवादाचे काम करते. पावसाळ्यात हवामानाचे इशारे मराठीत आणताना "रेड अलर्ट"साठी "तांबडा इशारा" लिहावे की "लाल इशारा"? तसेच "रेड टेप", "रेड कार्पेट" यांचे काय करावे? एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे की अस्सल मराठीचा आग्रह असेल तर सगळीकडे "तांबडा" वापरावा.
— एक वाचक, वाशी

उत्तर : पहिल्या उत्तरात मी "तांबडा"ची बाजू इतकी मनापासून मांडली आहे की आपले सहकारी मला आपल्या पक्षाचे समजतील. तरीही येथे "लाल इशारा" हेच योग्य आहे. भारतीय हवामान खात्याची पद्धत हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांची आहे आणि त्यातला लाल "आता कृती करा" असे सांगतो. म्हणजे हे खुणेचे रंग आहेत, आणि मराठीत खुणेचा, आदेशाचा, अधिकाराचा रंग नेहमी "लाल" याच शब्दाने सांगितला जातो. रेल्वेचा लाल कंदील, चौकातला लाल दिवा, धोक्याची लाल रेषा. लाल प्रकाशाची तरंगलांबी दृश्य रंगांत सर्वांत मोठी, सुमारे ६२० ते ७५० नॅनोमीटर असते, हवेत तो कमी विखुरतो आणि लांबवर पोचतो, हे या वापराला उपयोगी पडणारे कारण आहे. "लाल दिव्याची गाडी" म्हणजे सत्ता, असा अर्थ मराठीत इतका पक्का झाला की १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे ते दिवे बंद झाले तरी वाक्प्रचार चालूच आहे.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच याचे एक मोठे उदाहरण आहे. १९४५ साली उंबरगाव, डहाणू, तलासरी या भागांतले वारली वेठबिगारीविरुद्ध किसान सभेच्या झेंड्याखाली उभे राहिले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालची ती चळवळ पाड्यापाड्यांत "लाल बावटा" या नावाने ओळखली गेली. आज त्यातले डहाणू आणि तलासरी पालघर जिल्ह्यात आहेत, तर उंबरगाव गुजरातेत आहे. या लोकांच्या झोपडीच्या भिंती गेरूने सारवलेल्या आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे. ती भिंत पाहून कोणीही तांबडी म्हणेल. पण खांद्यावर घेतलेल्या झेंड्याचे नाव "लाल बावटा", आणि त्याच्या जागी "तांबडा बावटा" म्हटले की चळवळीचा अर्थच निघून जातो. भिंतीचा रंग मातीतून आला आहे, झेंड्याचा रंग माणसांनी निवडलेला आहे. या दोन शब्दांतले अंतर मला याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही.

एसटीचेही असेच आहे. खोपटच्या आगारातून सुटणारी गाडी "लालपरी" असते. पूर्वी तिला "लाल डबा" म्हणत, त्यात थोडी चेष्टा होती, आता "लालपरी"त माया आहे, पण दोन्हीकडे रंगाचा शब्द तोच राहिला.

"रेड टेप" याला "लाल फीत" रूढ आहे आणि ते चालेल. पण वाक्यात नुसती टोलवाटोलवी आणि उशीर सांगायचा असेल तर "दप्तरदिरंगाई" हा शब्द अधिक बोलका आहे, कारण तो ऐकताच धूळ खात पडलेली फाइल दिसते. "रेड कार्पेट" याचे "लाल गालिचा" असे भाषांतर मात्र कृपा करून करू नका. आपल्याकडे आदराने बोलावलेल्या माणसासाठी "पायघड्या घालतात". रंगाचा उल्लेख त्यात नाही आणि त्याची गरजही नाही. मूळ वाक्यात रंग आहे म्हणून मराठीतही रंग आणलाच पाहिजे, हा हट्ट अनुवादाला फार जड करतो.

एक सूचना मी आपण होऊन करतो. "डीप रेड", "ब्राइट रेड" अशा शब्दांपाशी अनुवादक हमखास "गडद लाल", "तेजस्वी लाल" लिहून मोकळे होतात. मराठीत या छटा जोडशब्दांनी सांगतात आणि प्रत्येक जोडशब्दाची जागा ठरलेली आहे. उन्हाने किंवा संतापाने चेहरा लालबुंद होतो. ओठ, बोरे, पोपटाची चोच लालचुटुक असते. साडी किंवा भिंतीचा रंग लालभडक असतो आणि त्यात थोडी नापसंती असते. गुलालाने मिरवणूक लालेलाल होते. ओठ लालबुंद लिहिले तर सुजलेले वाटतात आणि साडी लालचुटुक लिहिली तर बाहुलीची वाटते. सौम्य छटेसाठीही प्रत्येक रंगाने आपापला प्रत्यय निवडलेला आहे : लालसर, तांबूस, पांढुरका, निळसर, हिरवट, काळपट. "तांबट" असे म्हटले तर कारागीर येतो, "लालूस" असा शब्दच नाही.

प्रश्न : कृष्ण सावळा, मग त्याला "नंदलाल" कसे म्हणतात?
— एक वाचक, खारघर

उत्तर : हा "लाल" रंगाचा नाहीच. "लालन" म्हणजे लाड करणे. "लालनपालन" आपण रोज म्हणतो आणि "लालयेत् पञ्च वर्षाणि" या प्रसिद्ध सुभाषितात क्रियापद हेच आहे. त्यापासून "लाल" म्हणजे लाडका, लाडाने वाढवलेला मुलगा. उच्चार सारखा असल्याने फारसीतून आलेले रत्न आणि संस्कृतातून आलेले लाडके मूल हिंदीत एकमेकांत मिसळून गेले, आणि "माई का लाल" म्हणताना दोन्ही अर्थ एकदम मनात येऊ लागले. मराठीत मुलासाठी "लाल" स्वतंत्रपणे फारसा चालत नाही, आपण "बाळ" म्हणतो. तो येतो तो गवळणींतून, पाळण्यांतून आणि माणसांच्या नावांतून. नंदलाल म्हणजे नंदाघरचा लाडका, मग तो कितीही सावळा असो.